गिरणीचा डॉक्टर कोणाचा?

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्यांचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे अनुयायी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक आणि स्वतः गिरणीत नोकरी करून तेथील जिणे जवळून पाहिलेले असे हे गृहस्थ होते. सभेत ठराव झाले, अर्ज तयार झाला आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या व निशाण्या पडल्या. त्या अर्जातली रविवारच्या सुटीची मागणी आज सर्वांच्या ध्यानात आहे, कारण १८९० साली ती मान्य झाली आणि तिचे फळ आपण सारे चाखतो. परंतु त्याच अर्जात आणखी एक कलम होते, त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. कामावर असता ज्याला जबर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पुरी मजुरी मिळावी, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या उपजीविकेची काही व्यवस्था व्हावी, असे ते कलम होते.

या मागणीत डॉक्टरचे नाव नाही, दवाखान्याचे नाही, औषधाचेही नाही. त्या कामगारांना औषधाची किंमत कळत नव्हती असे नव्हे. परंतु हातावर पोट असलेल्या माणसाचे दुखणे नाडीत सुरू होत नाही, ते चुलीपाशी सुरू होते. हात पट्ट्यात सापडला म्हणजे वेदना एकट्याच्या, पण उपास घरातल्या सगळ्यांना. तेव्हा कामगाराच्या आरोग्याचा इतिहास सांगावयाचा झाल्यास दोन सूत्रे एकदम हाती धरावी लागतात: एक औषधाचे आणि दुसरे भाकरीचे. ही दोन सूत्रे कोणाच्या हाती असावीत, धन्याच्या, सरकारच्या की खुद्द कामगाराच्या, याचा वाद आपल्या देशात पाऊणशे वर्षे चालला. आजच्या भाषणाचा विषय तो वाद आहे.

मुंबईत पहिल्या कापडगिरणीचे यंत्र फिरू लागले ते १८५६ साली. पुढील तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान माजले. विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे काम सूर्याच्या घड्याळाने चाले. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तर कामही मोठे. कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस या कामावर उभा राही तो तब्येत टिकेल तोवर. ती खचली की तो गावाची वाट धरी. रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यातले त्याचे खेडे हेच त्याचे रुग्णालय, आणि तेच त्याचे निवृत्तिवेतन. मुंबईच्या कामगारांचा सूक्ष्म अभ्यास करणारे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गावाशी असलेला हा धागा किती बळकट होता हे सविस्तर दाखवले आहे. मालकांच्या जमाखर्चात आजारपणाचा खर्च दिसत नसे, पण तो कोठेतरी पडतच होता. तो गावाकडच्या बायकोच्या अंगावर आणि नाचणीच्या चार वाफ्यांवर पडत होता.

कायद्याने गिरणीशी डॉक्टरची गाठ घालून दिली तीही मोठी चमत्कारिक होती. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई केली आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. पण जन्मतारखेचा दाखला आणावा कोठून? तेव्हा सरकारी डॉक्टरने मुलाकडे पाहावे, दात पाहावे, अंगलट पाहावी आणि वय ठरवावे, अशी रीत पडली. म्हणजे कायद्याच्या पोटी आलेला हा डॉक्टर मुलाला बरे करण्यासाठी आला नव्हता. ते कामाला लावण्याजोगे आहे की नाही हे सांगण्यासाठी आला होता. दाखला लिहिणारा डॉक्टर आणि उपचार करणारा डॉक्टर ही जोडी पुढेही आपल्याला भेटणार आहे.

१८९६ साली मांडवी बंदराच्या आसपास प्लेग उद्भवला आणि आतापर्यंत हिशेबात नसलेला हा खर्च मालकांच्या दारात येऊन उभा राहिला. माणसे शहर सोडून पळाली, साचे थांबले. जे कामगार उरले त्यांना टिकवून धरण्यासाठी गिरण्या रोजच्या रोज मजुरी मोजू लागल्या. एरवी महिना उलटून गेला तरी पगार हाती पडत नसे, तेथे हा बदल काही दिवसांत घडला! कामगार आजारी पडला तर गिरणीही आजारी पडते, हा धडा मुंबईला प्लेगने शिकवला. त्याच साथीत रोग्यांच्या मदतीला धावलेले लोखंडे स्वतः प्लेगने आजारी पडले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये वारले. जखमी कामगाराला मजुरी मिळावी हे त्यांच्या अर्जातले कलम त्या वेळी तसेच पडून होते. कामावरील अपघाताची भरपाई देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. सुपारीबागेतल्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.

या चाळीस वर्षांत सगळेच मालक स्वस्थ बसले होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी १८८६ साली निवृत्तिवेतनाचा फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ केला. कायद्याच्या कितीतरी आधी. पुढे छोटा नागपूरच्या जंगलात साक्ची या खेड्यापाशी पोलादाचा कारखाना उभारावयाचे ठरले, तेव्हा तेथे १९०८ सालीच एक लहानसा दवाखाना सुरू झाला. लक्षात घ्या, भट्टीतून पहिले लोखंड निघाले ते १९११ साली. म्हणजे लोखंडाच्या आधी औषध आले. यात दयाबुद्धी होती तशी गरजही होती. जेथे रस्ता नाही, बाजार नाही आणि हिवताप मात्र मुबलक, तेथे डॉक्टर नेल्यावाचून कारागीर टिकलाच नसता. १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस, १९१५ मध्ये मोफत वैद्यकीय मदत, १९२० मध्ये पगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी, अशी एकेक पायरी तेथे चढली गेली. वसाहतीतील समाजकार्याचा आराखडा आखण्यासाठी सिडने आणि बिअॅट्रिस वेब यांचा सल्ला घेण्यात आला. खुद्द परळमध्ये वाडिया कुटुंबाने गिरणगावातील बायकांसाठी १९२६ साली प्रसूतिगृह उभारले. त्या प्रसूतिगृहात जन्मलेली माणसे आज देशाच्या कानाकोपऱ्यात सापडतील. कदाचित हे शब्द ऐकणाऱ्यांतही असतील.

तरीही जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संप झाले. ज्या गावात औषध फुकट त्याच गावात संप का व्हावा, असे काहींना कोडे पडे. वस्तुतः ते कोडे नव्हते. मालकाने दिलेले रुग्णालय कितीही चांगले असो, ते कारखान्याच्या कुंपणाबरोबर संपते. नोकरी आहे तोवर खाट आहे. शिवाय मालक उदार असेल तर सगळेच ठीक, पण शेजारचा मालक तसा नसला तर त्याच्या कामगाराने काय करावे? कित्येक गिरण्यांतून दवाखाना म्हणजे फाटकाजवळची एक खोली आणि मोजकी औषधे असलेले एक कपाट. आणि सर्वांत नाजूक गोष्ट ही की, ज्याच्या हाताने डॉक्टरला पगार मिळतो त्याच्याच विरुद्ध जाणारे निदान करण्याची वेळ त्या डॉक्टरवर आली तर?

ही भीती पोकळ नव्हती. म्हैसूर संस्थानातील कोलार येथे सोन्याच्या खाणींची वसाहत होती. तेथे चांगले इस्पितळ होते, इंग्रज डॉक्टर होते, क्ष-किरणांचे यंत्रही होते. खडक फोडताना उडणारी गारेची धूळ फुफ्फुसात बसून ‘सिलिकोसिस’ हा रोग होतो. एकोणीसशे चाळीसच्या दशकात तेथील हजारो खाणकामगारांची तपासणी झाली, तेव्हा शेकडा चाळीसहून अधिक माणसांत या रोगाच्या खुणा आढळल्या. डॉक्टरांनी हे शोधून काढले व छापले, हे त्यांना भूषणावह आहे. परंतु त्या खाणींतून सोने निघू लागले होते १८८० च्या दशकात. मधल्या दोन पिढ्यांची फुफ्फुसे कोणी मोजली?

एकेका मालकावर स्वतंत्रपणे भार टाकला म्हणजे काय होते, याचा दुसरा अनुभव मुंबई इलाख्याला प्रसूतिरजेच्या कायद्याने आला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक मांडले. त्याला भीमराव आंबेडकरांनी जोरदार पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, तेव्हा हा भार खरे पाहता सरकारने उचलला पाहिजे. परंतु जो मालक त्या स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवतो त्यालाही अंग काढून घेता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानात अशा प्रकारचा हा पहिलाच कायदा, आणि त्याचा अभिमान बाळगावा असाच तो होता. पण भत्ता द्यावयाचा तो त्या त्या मालकाने. तेव्हा काही ठिकाणी सोपी युक्ती निघाली: बाई गरोदर दिसली की तिला कामावरून कमी करावयाचे, किंवा मुळात बायकांना घ्यावयाचेच नाही. हक्क दिला तोच हक्क नोकरीच्या आड येऊ लागला. दोष माणसांच्या दुष्टपणाचा जितका, तितकाच व्यवस्थेच्या आखणीचाही होता. आंबेडकरांनी सरकारकडे बोट का दाखवले होते, ते आता उमगू लागले.

यावरचा उपाय बाहेरच्या जगाला ठाऊक होता. बिस्मार्कच्या जर्मनीने १८८३ साली आणि इंग्लंडने १९११ साली सक्तीचा आजारविमा सुरू केला होता. १९२७ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने त्याविषयी करार संमत केले, तेव्हा हिंदुस्थान सरकारने आपल्या देशात ते शक्य नाही अशी भूमिका घेतली. १९३१ साली व्हिटले कमिशनने, ज्यात आपले नारायण मल्हार जोशी सभासद होते, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. पण आकडेवारी गोळा करावी, परिषदा भराव्यात, अशातच दहा-बारा वर्षे निघून गेली.

अखेर मार्च १९४३ मध्ये हे काम एका माणसावर सोपवण्यात आले. ते होते अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्या वेळी आंबेडकरांकडे होते, हा योगायोग ध्यानी ठेवण्याजोगा आहे. इंग्लंडात बेव्हरिजचा अहवाल नुकताच गाजत होता. म्हणून कोणी कौतुकाने तर कोणी थट्टेने आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणू लागले. युद्धाच्या धामधुमीत त्यांनी गिरण्या आणि कारखाने डोळ्यांपुढे ठेवून एक योजना रचली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल सादर केला. त्याचे मर्म थोडक्यात असे: प्रत्येक मालकाने आपापल्या कामगारापुरती सोय करावी हा मार्ग सोडून द्यावा, सर्व मालकांनी आणि सर्व कामगारांनी एका सामाईक निधीत सक्तीने हप्ते भरावेत, आणि दुखणाईताला औषध व पैसा दोन्ही त्या निधीतून मिळावेत. कोणती गिरणी उदार व कोणती कंजूष, हा प्रश्नच मग उरत नाही. गरोदर बाईला काढून टाकून मालकाचा काही पैसाही वाचत नाही, कारण भत्ता त्याच्या तिजोरीतून जातच नाही. सुपारीबागेत वेगळी भासलेली औषधाची आणि भाकरीची ती दोन सूत्रे आडारकरांनी अशी एकाच गाठीत बांधली.

आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी, स्टॅक आणि रघुनाथ राव यांनी, ही योजना तपासली आणि अपघाताची भरपाई व प्रसूतिभत्ताही त्यातच गोवावा असे सुचवले. १९ एप्रिल १९४८ रोजी कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. आजारी कामगाराला कामावरून काढता येणार नाही असे एक कलमही त्यात होते. मात्र अंमलबजावणीला पुढे चार वर्षे लागली. त्याचे एक कारण गमतीचे आहे. योजना प्रथम कानपूर आणि दिल्ली येथे सुरू व्हावयाची होती. तेथील मालक म्हणाले, आम्ही हप्ते भरावयाचे आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनी फुकटात स्वस्त कापड विकावयाचे, हा कोठला न्याय? तक्रार अगदीच गैर नव्हती. तेव्हा १९५१ साली कायदा दुरुस्त करून देशभरच्या मालकांवर, जेथे योजना पोहोचली नव्हती तेथेही, एक खास हप्ता बसवण्यात आला. मग २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात पंडित जवाहरलाल नेहरूंनी हजारो लोकांच्या सभेत योजनेचे उद्घाटन केले आणि स्वतः पहिल्या मानद विमेदाराचा अर्ज भरून त्यावर सही केली. आरंभी कानपूर व दिल्ली मिळून सुमारे एक लाख वीस हजार कामगार तीत आले.

मुंबईत योजना आली १९५४ साली. कानपूर-दिल्लीत योजनेचे स्वतःचे दवाखाने होते. मुंबईने निराळी वाट धरली. गल्लीबोळातल्या खासगी डॉक्टरांची यादी करावयाची, कामगाराने त्यातला आपल्या पसंतीचा डॉक्टर निवडावयाचा, आणि निधीने त्या डॉक्टरला माणशी ठराविक रक्कम द्यावयाची. हा ‘पॅनेल डॉक्टर’ गिरणगावाच्या ओळखीचा झाला. कामगाराने आपला डॉक्टर आपण निवडावा, ही साधीशी वाटणारी गोष्ट सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या दात पाहणाऱ्या डॉक्टरशी ताडून पाहावी, म्हणजे तिचे मोल कळेल.

यानंतर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. रांगा लांब, औषधे हलकी, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे उपचार केवळ कामगारापुरते, बायकामुलांना नाहीत. या तक्रारी खऱ्या होत्या, आणि त्यांतल्या काही आजही ऐकू येतात. मालकांची ओरड वेगळी: पॅनेलचे डॉक्टर मागेल त्याला आजारपणाचा दाखला लिहून देतात! म्हणजे दाखला लिहिणारा डॉक्टर परत आलाच. १८८१ साली त्याच्या दाखल्याने मूल कामावर जाई. आता त्याच्या दाखल्याने बाप्या घरी राहू लागला. माझ्या मते, थोडे दाखले खोटे निघाले म्हणून फार बिघडत नाही. खरे दुखणे ओळखलेच जात नाही, ही त्याहून मोठी चूक होय.

याचे उदाहरण कापडगिरणीनेच पुरवले. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली म्हणजे ‘बिसिनोसिस’ नावाचा दम्यासारखा विकार जडतो. त्याची खूण मोठी विलक्षण आहे. सुटीचा दिवस संपवून माणूस कामावर परतला की पहिल्याच दिवशी त्याची छाती आवळून येते. पुढच्या दिवसांत ती जरा सैल होते. लोखंड्यांनी मिळवून दिलेल्या रविवारनंतरच्या सोमवारीच हे दुखणे आपले तोंड दाखवी, आणि सोमवारी न येणारा कामगार म्हटला की ‘काल जरा जास्त झाली असेल’ असे म्हणून मोकळे होणे किती सोपे! हा रोग आपल्याकडे जवळजवळ नाहीच, असे पुष्कळ वर्षे मानले जाई. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या गिरण्यांत जाऊन कामगारांच्या छात्या तपासल्या तेव्हा तो येथेही आहे हे दिसून आले. गिरणीच्या दवाखान्यापासून ते रुग्णालय फार लांब नव्हते. परंतु जो पाहणार तो गिरणीच्या पगारावर नव्हता, हा त्यातला भाग महत्त्वाचा आहे.

आता एक गोष्ट राहिली. सामाईक निधीने मालकाच्या मर्जीपासून कामगाराला सोडवले, पण नोकरीपासून सोडवले नाही. आधीच्या मुदतीत हप्ते भरलेले असतील तरच पुढच्या मुदतीत हक्क, हा विम्याचा नियमच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांचे पुढारी दत्ता सामंत हे मुळात डॉक्टर होते. घाटकोपरला त्यांचा दवाखाना होता. तेथे येणाऱ्या दगडखाणीतील मजुरांचे हाल पाहता पाहता ते कामगार चळवळीत ओढले गेले होते. कोणाच्याही पगारावर नसलेला हा डॉक्टर! संपाच्या मागण्यांत पगारवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करावे ही मागणी होती. कारण ज्याचे कामच आज आहे आणि उद्या नाही, त्याचे हप्तेही तसेच तुटक असत.

संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला, आणि हजारो माणसे पुन्हा कामावर गेलीच नाहीत. मजुरी थांबली तसा हप्ता थांबला, आणि हप्ता थांबला तसे विम्याचे कार्ड काही महिन्यांत निकामी झाले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, तेव्हा फाटकाजवळची ती औषधांची खोली फाटकाबरोबरच कुलपात गेली. पॅनेलच्या डॉक्टरचा दवाखाना गल्लीतच राहिला. एवढेच की त्याच्या पायरीशी आता खिशातले पैसे मोजावे लागणार होते.